एक जानेवारीची बातमी

"जानेवारीपातुर थांबायचं, का आत्ताच निघायचं?" असं त्या बाईनं विचारलं, तेव्हा ती कशाबद्दल बोलते आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळेना. कडेवर लहान मुलगी, हातात रिकामी कळशी, आणि केसांपासून पायांपर्यंत खडीची पांढरी धूळ. साकीनाक्याच्या पलीकडच्या डोंगरात दगडखाणी होत्या, तिथली ती बाई. त्यांच्याकडचं पाणी आटलं की खाणीतल्या बायका घाटकोपरच्या या वस्तीतल्या नळावर यायच्या. ती वस्तीतल्या बुद्धविहाराबाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवत होती. फळ्यावर वर त्या दिवशीची सप्टेंबरची तारीख होती आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं : "येत्या १ जानेवारीपासून गुलाम कायमचे मुक्त. अध्यक्षांची घोषणा." नळावर कुणीतरी तिला ते वाचून दाखवलं होतं. आपण सुटलो, की अजून तीन महिने दगड फोडायचे, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

बातमी खोटी नव्हती, पण सव्वाशे वर्षांपूर्वीची, म्हणजे १८६२ सालची होती आणि अमेरिकेची होती. ती घाटकोपरच्या फळ्यावर कशी आली, हे सांगायचं तर आधी माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं.

आम्ही दोघींनी इतिहासात एम.ए. एकदमच केलं. मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवायला लागले, म्हणजे मुलांकडून सनावळ्या घोकून घ्यायला लागले. तिनं पुढे संशोधनाला नाव घातलं. विषय घेतला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. लढाई चालू असताना तिथली वर्तमानपत्रं गुलामगिरीबद्दल आणि गुलामांना मुक्त करण्याच्या सरकारी धोरणाबद्दल काय छापत होती, हे तिला शोधायचं होतं. तिचे मार्गदर्शक म्हणाले, "अहो, तुमच्या लोकांवर लिहा की काहीतरी. तुम्हाला सोपं जाईल." मी असते तर तिथेच भांडले असते आणि नंतर जिन्यात रडले असते. ती म्हणाली, "सर, माणसं विकली जात होती तेव्हा छापणारे काय छापत होते, हाही माझाच विषय आहे." आणि सही घेऊनच बाहेर आली. आवाज चढवला नाही, चेहरा पाडला नाही. तिचं हे मला कधीच जमलं नाही, आणि म्हणूनच बहुधा मी तिच्यामागे लागून लागून तिच्या घरी जात राहिले. माझी आई करवादायची, "त्या अमेरिकेचा तुका काय पडलाहा गो?" मला अमेरिकेचं काहीच पडलं नव्हतं. मला मैत्रिणीचं पडलं होतं.

सकाळी ती एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायची आणि दुपारी फोर्टातल्या एका वाचनालयात जुन्या पेपरांच्या मायक्रोफिल्मच्या यंत्राला डोळे लावून बसायची. तिचे दोन नियम होते. एक, अंक तारखेच्या क्रमानं वाचायचे, पुढचा आधी उघडायचा नाही. "आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून आपण तेव्हाच्या माणसांना मूर्ख ठरवून मोकळे होतो," ती म्हणायची. दुसरा नियम, जे वाचलं ते संध्याकाळी मराठीत सांगायचं. मराठीत सांगता आलं नाही तर आपल्याला ते समजलेलंच नाही, असं तिचं साधं गणित. शिवाय जमेल तेव्हा ज्या तारखेचा अंक, त्याच तारखेला तो सांगायचा, ही गंमत तिनं स्वतःच वाढवली होती.

ऐकायला आधी एकटे तिचे वडील असत. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते. विहाराबाहेरचा वार्ताफलक त्यांच्याकडे होता. रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचून, वर तारीख घालून, खाली चार ओळींत दिवसाच्या बातम्या ते फळ्यावर लिहीत, कारण वस्तीत घरोघरी पेपर येत नव्हता. हळूहळू शेजारचे लोक ऐकायला येऊ लागले. विहाराच्या पायऱ्यांवर सात वाजता पंधरा-वीस माणसं जमायची आणि अमेरिकेतल्या लढाईची त्या दिवशीची हालहवाल ऐकायची.

मला सुरुवातीला हा प्रकार जरा हास्यास्पदच वाटला होता. मग ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका संपादकानं अध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं, की गुलामांना मुक्त करायला तुम्ही एवढी टाळाटाळ का करता. अध्यक्षांनी उत्तर दिलं, की माझं पहिलं काम देश एकत्र ठेवण्याचं आहे, बाकी सगळं त्यानंतर. झालं, वस्तीत दोन तट पडले. तिचे वडील चिडून म्हणाले, "हा माणूस नुसता तोलतोय रे. इकडे थोडं, तिकडे थोडं." समोरच्या खोलीतले बस कंडक्टर काका म्हणाले, "त्याला आधी लढाई जिंकायचीय. घाई केली तर सगळ्याचीच वाट लागेल ना." पुढचे आठ दिवस नळावर, दुकानात, रिक्षा स्टँडवर हाच वाद. जणू अध्यक्ष सांताक्रूझच्या विमानतळावर उतरून दुसऱ्या दिवशी वस्तीत येणार होते.

वडिलांचा एक ठरलेला प्रश्न असे. कुठलीही बातमी सांगितली की ते विचारत, "कुठल्या पानावर?" गुलामांबद्दलची बातमी आतल्या पानावर बारीक अक्षरात आणि कापसाचा भाव पहिल्या पानावर, हे कळलं की ते मान हलवत. अमेरिकेतला कापूस लढाईमुळे अडकला म्हणून तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, हे तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या मुंबईत पैसा आला तो असा." जन्मभर त्यांनी कापसाचीच धूळ खाल्ली होती.

दक्षिणेकडच्या पेपरांत लढाईच्या बातम्यांशेजारी पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती असत. अमुक उंची, पाठीवर अमुक वळ, पकडून देणाऱ्यास इनाम. अशी एक जाहिरात सांगितली त्या दिवशी वस्तीतली एक म्हातारी बाई म्हणाली, "वळ कुणी उठवले ते नाही छापलं." मैत्रिणीनं ते वाक्य तिथल्या तिथे उतरून घेतलं आणि पुढे प्रबंधात जसंच्या तसं घातलं, त्या बाईला श्रेय देऊन.

सप्टेंबरच्या शेवटी ती घोषणा आली. बंडखोर राज्यं एक जानेवारीपर्यंत परत आली नाहीत तर तिथले सगळे गुलाम त्या दिवसापासून मुक्त. काही पेपरांनी ती डोक्यावर घेतली, काहींनी देश बुडाला म्हणून गळा काढला, आणि काहींनी विचारलं, स्वातंत्र्य द्यायचंच आहे तर शंभर दिवसांची मुदत कशाला? पायऱ्यांवरही तेच झालं. झोपड्या तोडायच्या आधी नोटीस येते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माणसं सोडायची नोटीस कुणी ऐकली नव्हती. बंडात न गेलेल्या राज्यांतल्या गुलामांना ही घोषणा लागूच नव्हती, तेही तिनं सांगितलं. त्यावर पुन्हा भांडण. पण वडील इतके खूष होते की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी सगळ्यांत वर हीच बातमी लिहिली. नेहमीसारखी आजची तारीख, नेहमीसारखी थोडक्यात. "अमेरिकेत" हे लिहायचं त्यांना सुचलंच नाही, कारण वस्तीतलं शेंबडं पोरही जाणत होतं की अध्यक्ष म्हणजे कुठले.

आणि त्याच संध्याकाळी ती बाई कळशी घेऊन आली.

काय झालं ते लक्षात आल्यावर वडिलांचा चेहरा पडला. ते फडकं शोधायला लागले. मैत्रिणीनं त्यांचा हात धरला. "बाबा, पुसू नका. थांबा जरा."

तिनं त्या बाईला पायरीवर बसवलं, चहा दिला, मुलीला बिस्किट दिलं आणि विचारलं. बाई मराठवाड्यातली. नवऱ्यानं खाणीच्या ठेकेदाराकडून लग्नानंतर उचल घेतली होती, म्हणजे कामाआधीचे पैसे. ती फिटायचं नाव घेईना. तीन वर्षांपूर्वी सुरुंग लावताना नवरा गेला. ठेकेदारानं उचल तिच्या नावावर चढवली. तेव्हापासून ती खडी फोडत होती आणि मुकादम तिला खाण सोडून जाऊ देत नव्हता. एकदा निघाली होती, तर अर्ध्या वाटेवरून परत आणली. हे सगळं तिनं रेशनच्या दुकानातली रांग सांगावी तसं सांगितलं. रडली नाही. आम्हीच इकडे तिकडे बघत होतो.

"ती बातमी दुसऱ्या देशातली आहे," मैत्रीण म्हणाली. "आणि खूप जुनी आहे."

बाईनं कळशी उचलली. मला वाटलं, संपलं.

"बसा हो. अजून सांगायचंय. आपल्याकडे तुमच्यासाठी वेगळा कायदा झालाय. उचल देऊन माणूस अडकवून ठेवायचा, हे बंद केलंय सरकारनं. अशी उचल फिटली असंच धरायचं. तुमची आणि तुमच्या नवऱ्याचीपण."

"कवा?"

"दहा वर्षं झाली."

बाईनं कळशी परत खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग मुकादमाला ठावं न्हाई व्हय?"

"त्याला ठाऊक असेल. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

तो कायदा आमच्या शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही होता, एका ओळीत. बाईला तो पटला की नाही कोण जाणे. आयुष्यात कुठलाही कायदा तिच्यापर्यंत चालत आला नव्हता. तिनं परत फळ्याकडे बघितलं. "पर हितं जानेवारी लिवलंय," असं म्हणून ती नळाकडे गेली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी पुसा ते. कशाला गरीब बाईच्या जिवाला घोर?"

"पुसायचं नाही," मैत्रीण म्हणाली. "आपण तिला तारीख दिलीय. आता ती खरी करायची."

"तू काय अमेरिकेची अध्यक्ष लागून गेलीस?"

"नाही गं. पण छापलंय ना आपण."

हे असं बोलणं ऐकलं की माझं डोकं उठतं. मोठी मोठी वाक्यं बोलणारी माणसं मी खूप पाहिलीत, वाक्य झालं की ती चहा प्यायला जातात. ही दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या सरकारी कचेरीत गेली. आणि नंतरच्या आठवड्यात. आणि त्याच्या नंतरच्या. मीही कधी कधी रजा टाकून जायचे. पहिल्या टेबलावर सांगण्यात आलं, "अशी वेठबिगारी मुंबईत नसते, मॅडम. ते खेड्यात." दुसऱ्या टेबलावर विचारलं, "तुम्ही बाईंच्या कोण?" ती म्हणाली, "बातमी आम्ही दिली होती." त्या माणसाला काही समजलं नाही. मी मध्येच ओरडायचे आणि आमचं काम आणखी पंधरा दिवस मागे पडायचं. शेवटी तिनं मला बाहेरच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. एका अधिकाऱ्यानं मात्र तिचं नीट ऐकून घेतलं आणि जानेवारीत खाणीवर तपासणीला येतो म्हणून शब्द दिला. जानेवारीत कधी, ते सांगितलं नाही.

इकडे तिचा प्रबंध रखडला होता. मार्गदर्शक वैतागले होते. पण संध्याकाळची बैठक तिनं एकदाही चुकवली नाही. डिसेंबरमधल्या अंकांत सगळीकडे एकच चर्चा होती, अध्यक्ष खरंच सही करतील की ऐन वेळी माघार घेतील. आमच्या पायऱ्यांवरही माणसं धास्तावली होती. "करेल ना गं सही?" असं मलाही दोन-तीनदा विचारलं गेलं. मी इतिहासाची शिक्षिका, पण तेव्हा मीही छातीठोकपणे हो म्हणू शकले नाही.

एक जानेवारी उजाडला. दरवर्षीप्रमाणे वस्तीतली बहुतेक पुरुष मंडळी आदल्या दिवशीच ट्रक करून कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेली होती. मागे राहिल्या होत्या बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मी रजा घेऊन सकाळीच गेले होते, कारण आज सहीची बातमी येणार होती. आम्ही विहाराच्या दारात बोलत उभ्या होतो आणि समोरून ती बाई आली. कडेवर मुलगी, डोक्यावर गाठोडं.

"आज एक तारीख न्हवं?" ती म्हणाली. "म्या आले."

घण तिनं खाणीतच टाकला होता. मुकादमाला सांगूनही आली होती, की आजपासून न्हाई.

मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. हातात कागद नव्हता, तपासणी झाली नव्हती, वस्तीत तरणा माणूस नव्हता. मग ती पुढे झाली, बाईच्या डोक्यावरचं गाठोडं स्वतःच्या हातानं उतरवलं आणि म्हणाली, "या. आत या. बरं केलंत."

तिच्या वडिलांनी सकाळी लिहिलेला फळा सगळा पुसला आणि नवा लिहायला घेतला. या वेळी देश लिहिला, सालं लिहिली. वरती अमेरिकेची बातमी, खाली आपला कायदा. मग फळ्याखाली खुर्ची टाकून बसले.

दुपारी मुकादम दोन माणसं घेऊन आला. "बाईकडे शेठचे पैसे आहेत. तिला बाहेर पाठवा, उगाच लफडं नको."

मैत्रीण पायरीवर उभी होती. "तिच्याकडे कुणाचे पैसे नाहीत," ती म्हणाली. "आणि ते मागणं हाच गुन्हा आहे. तुरुंग आहे त्याला. तुमचं नाव सांगा, म्हणजे कुणी मागितले ते कचेरीत सांगता येईल."

"हे कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात नळावरच्या बायका हातातल्या बादल्या खाली ठेवून येऊ लागल्या होत्या. कुणी बोलवलं नव्हतं. गेले पाच महिने त्या सगळ्या पायऱ्यांवर बसून भांडल्या होत्या, त्यांना काय चाललंय ते समजायला वेळ लागला नाही. कंडक्टर काकांची बायको फळ्याकडे हात करून म्हणाली, "वाच की रे. येतं ना वाचायला? का मी वाचून दाखवू?" आणि तिनं खरोखरच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अध्यक्षांपासून. आपल्या कायद्याच्या ओळीपर्यंत आली तेव्हा आणखी चार जणी तिच्याबरोबर म्हणत होत्या. मुकादमानं शिव्या दिल्या, बघून घेतो म्हणाला आणि गेला. संध्याकाळी कोरेगावचे ट्रक परत येईपर्यंत बायका विहाराच्या दारातून हलल्या नाहीत. त्या दिवशी स्वयंपाक कुणाकडेच झाला नाही, सगळ्यांनी पाव खाल्ले. सात वाजता मैत्रिणीनं बातमी सांगितली, की अध्यक्षांनी सही केली. टाळ्या वाजल्या, पण निम्म्या जणी त्या बाईकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं बाईला नेऊन थेट त्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात बसवलं. मग मात्र चाकं फिरली. तपासणी झाली, ठेकेदाराला कचेरीत यावं लागलं आणि महिनाअखेर बाईला मुक्ततेचा दाखला मिळाला. त्या दाखल्याच्या दिवशी आम्ही तिघी वांद्र्याहून बसनं परत येत होतो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. बाई इतका वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिनं विचारलं, "आमचं मालक सुरुंगात गेलं, तवा ह्यो कायदा हुता?"

मला वाटलं, मैत्रीण काहीतरी सावरून घेईल. मी असते तर नक्की घेतलं असतं.

"होता," ती म्हणाली.

बाईनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मैत्रिणीनं तिचा हात हातात घेतला आणि घाटकोपर येईपर्यंत सोडला नाही. इतकी खरी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

बाई वस्तीतच राहिली. एका शाळेच्या वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम तिला मिळालं. संध्याकाळी तीही पायऱ्यांवर येऊन बसायची. प्रबंधाची घाई होती म्हणून तारखांचा नियम आम्ही तोवर सोडून दिला होता, क्रम मात्र सोडला नव्हता. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी लढाई संपली आणि मग एका संध्याकाळी टेक्सासची बातमी आली. तिथल्या बंदरात सरकारी फौज उतरली आणि एका सेनाधिकाऱ्यानं हुकूम काढला, की सगळे गुलाम मुक्त आहेत. तोपर्यंत तिथे कुणी अध्यक्षांची घोषणा अमलात आणलीच नव्हती. गुलाम शेतात राबतच होते. अध्यक्षांनी सही करून तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती.

पायऱ्यांवर सगळे हळहळले. वडिलांनी कपाळाला हात लावला. कंडक्टर काका म्हणाले, "अडीच वर्षं! काय माणसं आहेत."

"अडीचच?" ती बाई म्हणाली. "लवकर कळलं की त्यांना."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं.